वालाच्या मुळांवरच्या गाठी

हे सांगायचं मी कित्येक वर्षं टाळलं, कारण वहिनींनी मला कधी जाब विचारलाच नाही.

दादा गेल्यावर रायगडातली भातशेती वहिनी एकट्याच बघायच्या. भात कापलं की उरलेल्या ओलाव्यावर वाल पेरायच्या. एकदा मी मीरा रोडहून गावी गेलो, तेव्हा उपटलेल्या वालाच्या मुळांवर बारीक गाठी दिसल्या. मी खतांच्या दुकानात कामाला होतो, म्हणून मोठ्या शहाणपणाने म्हणालो, "ही कीड आहे. सगळं उपटून जाळा. भाताला युरिया टाकला की पुरे."

"भावोजी, तुम्ही म्हणता म्हणजे तसंच असणार," असं म्हणून त्यांनी वाल कायमचा सोडला.

पहिल्या वर्षी भात हिरवंगार झालं. पुढे युरिया वाढत गेला, माती घट्ट झाली, दाणा कमी भरू लागला. शेवटी जमीन पडीक टाकून वहिनी इकडे मीरा रोडच्या हाटकेश भागात लेकीकडे आल्या.

मग माझ्या नातीच्या शाळेच्या पुस्तकात त्याच गाठींचं चित्र दिसलं. त्यांत राहणारे जिवाणू हवेतला नायट्रोजन पकडतात. मुळं मातीत कुजली की तो पुढच्या पिकाला मिळतो आणि मातीतल्या इतर जीवांचंही पोट भरतं. मी त्या सगळ्यांचं जेवण बंद केलं होतं.

दर रविवारी मी वहिनींकडे जातो. त्या वालाचं बिरडं वाढतात आणि म्हणतात, "खा हो, किती सुकलात! आमची जाऊबाई उपाशी ठेवते वाटतं?" मी हसतो, पोटभर जेवतो आणि परत येतो. म्हणायचं राहतं ते एवढंच: वहिनी, ती कीड नव्हती. तुमची जमीन मी बिघडवली. मला माफ करा.