मरळमावशींची शिष्यवृत्ती

मरळमावशी गिऱ्हाइकाशी भांडायला लागल्या की वसमतच्या बाजारातली निम्मी माणसं भाजी घ्यायचं सोडून ऐकायला उभी राहत. मासा ताजा आहे का, असं त्यांना विचारायची सोय नव्हती. कुणी विचारलंच, तर त्या तिथल्या तिथे विळीवर मासा चिरत, त्याच्या पोटातली पिशवी उघडून समोर धरत आणि म्हणत, "हे बघा, ह्यानं सकाळी झिंगा खाल्ला. शिळा मासा न्याहारी करतो का?" धरणातून आलेली जिवंत मरळ पाण्याच्या टबात घेऊन बसत, म्हणून मरळमावशी. खरं नाव रेशनकार्डावर होतं आणि ते तिथेच राहिलं.

"पोट खोटं बोलत न्हाई," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. धरणाचं पाणी उतरलं, कुठे घाण सोडली, बेडूक वाढले, हे सगळं त्यांना माशाच्या पोटातून कळे. त्यांची एकुलती एक लेक अर्चना लहानपणापासून शेजारी बसून त्या पिशव्या उघडायची. मोठी झाल्यावर ती समुद्रातले जीव शिकायला कोकणातल्या कॉलेजात गेली. शेवटच्या वर्षाला कावीळ झाली आणि गेली.

भेटायला येणारा प्रत्येक जण एकच बोलायचा. समुद्रानं खाल्ली. हळदीच्या मुलखातल्या पोरीनं खाऱ्या पाण्याच्या नादी लागायलाच नको होतं. मावशींनी तेराव्यापर्यंत ऐकून घेतलं. त्या दिवशी मात्र पंगत उठायच्या आत त्या उभ्या राहिल्या. "माझ्या लेकराला काविळीनं नेलं. समुद्राचं नाव काहून घेता? कावीळ हितं होत न्हाई का?" त्याच महिन्यात अर्चनाच्या लग्नासाठी साठवलेलं सगळं त्यांनी बँकेत ठेवलं आणि टपरीवर पाटी लागली: "समुद्रातले जीव शिकणाऱ्या लेकरासाठी अर्चनाच्या आठवणीत शिष्यवृत्ती."

लोक हसले. आमच्याकडून समुद्र गाठायचा तर अर्धं राज्य ओलांडावं लागतं. कामकाजाला एक कमिटी केली होती. तिच्यातले निवृत्त हेडसर हसले नाहीत. त्यांनी समजावलं, की हाच पैसा नर्सिंगच्या मुलींना दिला तर दरवर्षी एखादीचं घर उभं राहील. सर भले माणूस होते आणि त्यांचं चूकही नव्हतं, म्हणून तर त्यांना नाही म्हणणं जड जात असे. मावशी म्हणाल्या, "तुमचं बराबर हाय, सर. पण नर्सिंगला द्यायला उद्या कुणीबी उभं राहील. ह्याला कोण देईल?"

पहिली तीन वर्षं कुणीही आलं नाही. दर जूनमध्ये मुलाखतीच्या दिवशी मावशी शाळेच्या खोलीत एक जिवंत मरळ आणि विळी घेऊन बसत. दुपारपर्यंत वाट बघत. मग स्वतःच मासा उघडून त्यानं काय खाल्लं ते कमिटीला सांगत आणि घरी जात. हेडसर हताश होऊन बघत राहिले की मावशी म्हणत, "कुणी न्हाई आलं तर न्हाई. समुद्र काय पळून चालला का?"

चौथ्या वर्षी मी गेले, आणि खोटं बोलायला गेले. मी जवळच्याच कुरुंदा गावची. घरात अंडंसुद्धा येत नसे. मला फक्त बारावीनंतर लग्न टाळायचं होतं आणि त्यासाठी कुठलंही कॉलेज चाललं असतं. समुद्राच्या अथांग निळाईवर मी एक निबंध पाठ करून नेला होता. दोन वाक्यं झाली असतील नसतील, तोच मावशींनी अडवलं.

"समुद्र पाह्यला का तू?"

"नाही."

"मंग थापा काहून मारून राहिली? ये हिकडं. हा उघड."

मी ओढणी नाकावर बांधली. मावशींनी मासा मारून दिला. पोट मात्र मलाच फाडायला लावलं. पिशवीत बेडकाचा पाय निघाला, इवल्या बोटांसकट. "बोटं शाबूत हायती, म्हंजे आजचंच जेवण," मावशी म्हणाल्या. मी किळस विसरून वाकले होते. तोंडून निघून गेलं, "आणि ह्या बेडकानं काय खाल्लं असेल?"

मावशींनी विळी धुऊन बाजूला ठेवली. मग हेडसरांना म्हणाल्या, "लिवा हिचं नाव. खोटं बोलती, पण जाईल."

मी गेले. आज किनाऱ्यावरच्या शिंपल्यांचा अभ्यास करून पोट भरते, आणि बेडकाची ती इवली बोटं अजून डोळ्यांपुढे आहेत. नोकरी लागल्यावर मावशींना एकदा घेऊन गेले. बंदरावर उतरताच त्यांनी बांगड्याचे कल्ले उचकून "हे कालचं हाय" म्हणून कोळणींशी वाद काढला, तो संपवताना माझ्या नाकी नऊ आले. मग चपला काढून त्या पाण्यात घोटाभर गेल्या, वाकून हात बुडवला आणि माणसाशी बोलावं तसं बोलल्या, "तू न्हाई नेली माझी अर्चना. मला म्हाईत हाय. लोकं उगा नावं ठेवतेत." मी मागे उभी राहून रडले. त्या रडल्या नाहीत.

गेल्या हिवाळ्यात मावशी गेल्या. टबात मरळ होती, गिऱ्हाईक समोर होतं, आणि त्या बसल्या जागीच कलंडल्या. यंदाच्या जूनमध्ये त्यांच्या जागी कमिटीत मी बसले. अर्ज एकही नव्हता. हेडसर आता थकलेत, तरी त्यांनी कागद पुढे सरकवला. शिष्यवृत्ती नर्सिंगला द्यावी, असा नियम बदलायचा ठराव. बाहेर व्हरांड्यात नर्सिंगच्या मुली उभ्या होत्या. मी त्यांच्याकडे बघायचं टाळलं; बघितलं असतं तर सही केली असती.

"मावशी असत्या तर वेगळं," सर म्हणाले. "आता हा हट्ट कुणासाठी?"

मला संताप आला. हट्ट असेलही. पण आमच्या जिल्ह्यात एका आईनं मेलेल्या लेकीची वाट बंद होऊ दिली नाही. ती वाट माझ्या सहीनं बुजणार नव्हती. "ह्या मुलींसाठी वर्गणी काढू, सर. पहिलं नाव माझं लिहा," मी म्हणाले. "पण ह्याला हात लावायचा नाही."

ठराव घडी करून बाजूला ठेवला. पिशवीतून विळी काढली, ती मावशींचीच होती. येताना आणलेली मरळ टोपल्यातून घेतली आणि उघडली. पोटात लहानसा खेकडा होता, एक नांगी तुटलेली.

"खेकडा," मी मोठ्यानं सांगितलं. "आजचाच. यंदा कुणी नाही, असं लिहा. पाटी तशीच राहील. समुद्र काय पळून चालला का?"

हेडसरांनी रजिस्टरात लिहिलं, टोपण लावलं. पेनच्या टोकानं खेकडा उलटा करून बघितला. मग म्हणाले, "पुढच्या वर्षीची मरळ मी आणू का?"

"आणा सर," मी म्हणाले. "पण जिवंत बघून आणा."