बाटलीवरची बारीक ओळ

अण्णा खिडकीपाशी उभे राहून एक हिरवी बाटली उजेडात फिरवून बघत होते. मेथी, कारलं आणि जांभूळबीच्या अर्काच्या कॅप्सूल. त्यांच्या मधुमेहावर म्हणून मामाने आणून दिलेल्या.

"तू शिकलेला. वाच बरं, ह्या घेतल्या तर जेवणाआधीची गोळी बंद केलेली चालेल का?"

आमच्या घरात इंग्रजी वाचता येणारा मी पहिलाच, तोही अण्णांच्या कष्टांवर. तळाची बारीक ओळ मी त्यांना मराठीत सांगितली, की हे औषध नव्हे. "गोळी चालूच ठेवायची, अण्णा. ह्यांचं डॉक्टरांना विचारू."

"म्हणजे सुट्टी नाहीच."

बरं होण्याची आशा त्यांनी केव्हाच सोडली असावी. रोज उठून आजारी असण्याचाच त्यांना शीण आलाय. एखादं जेवण तरी गोळी न आठवता व्हावं, एवढंच त्यांचं मागणं होतं, आणि ते नाकारायला माझं शिक्षण कामी आलं.

आईने ताटं वाढली. "गोळी घेतलीत का?"

"घेतो की. मास्तर बसलेत ना समोर," माझ्याकडे बघून म्हणत अण्णांनी गोळी तोंडात टाकली. मी पाण्याचा पेला पुढे केला.