उत्तर मिळेपर्यंत उभी

प्रिय ईरा आणि नील,

व्हिडिओ कॉलवर बोलताना तुम्ही नेहमी विचारायचात, "आजी, मागे कोण ओरडतंय?" ती प्रणाली. आता ती इथे राहत नाही, म्हणून तिच्याविषयी लिहून ठेवते. बेल दाबणं तिला ठाऊकच नव्हतं. खालच्या फाटकातून "आजीऽऽ, हायेस का?" अशी हाक आली की अख्ख्या इमारतीला कळायचं, इंग्रजीची शिकवणी सुरू होणार. मी "हळू बोल" म्हटलं की म्हणायची, "आमच्या गावात हळू बोललं तर विचारतात, ताप आलाय का?"

शीळफाट्याकडे जाताना आपल्या डोंबिवलीच्या इमारती जिथे संपतात, तिथे तिचं आगरी गाव. वडील टेम्पो चालवतात. राज्यशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला असताना दिल्लीतल्या एका राजकीय परिसंवादासाठी तिची निवड झाली. पुढे तिथेच एम. ए. करायचं तिच्या मनात होतं. वडील म्हणाले, "आधी ही फेरी नीट करून ये. मग बघू."

तिथे काय घडलं ते तिनेच मला सांगितलं. एक माजी मंत्री लोकशाही आणि गाव या विषयावर छान बोलले. प्रश्नांची वेळ आली तशी ही उठली. "आमचं गाव महापालिकेत गेलं, ग्रामसभा बंद झाली. आता माझ्या आईने पाण्याचं विचारायचं कुठे?" मंत्री हसून म्हणाले, "फार चांगला प्रश्न. यावर विचार व्हायला हवा." माईक पुढे गेला. प्रणाली मात्र बसली नाही. तिच्या गावच्या सभेत रीतच तशी होती: विचारणाऱ्याने उत्तर मिळेपर्यंत उभं राहायचं. तिला वाटलं, सगळीकडे असंच असतं.

"मागचे ओरडायला लागले, बैठो, बैठो! एक मॅडम येऊन बोलली, बेटा, हो गया. मी बोलली, मॅडम, उत्तर कुठे झालंय?"

इतरांचे प्रश्न झाले, तरी ही उभीच. शेवटी मंत्र्यांनी चष्मा काढला. म्हणाले, "बेटी, सच कहूँ तो मुझे नहीं मालूम."

"थँक यू, सर," म्हणून ही बसली.

कुणीतरी मोबाइलवर ते टिपलं होतं. ती परत यायच्या आधीच व्हिडिओ गावात पोचला. मी तिच्या घरी गेले तेव्हा वडील धुमसत होते. "अख्खी दिल्ली हसली हिला, काकी. आता शिकायला पाठवायची कशी?" प्रणाली भिंतीला टेकून गप्प. तिला गप्प मी पहिल्यांदाच पाहत होते. धैर्य वगैरेवर मी काही बोलणार, तोच कोलंबी सोलता सोलता तिची आई म्हणाली, "उत्तर दिला का त्यानी?"

"माहीत नाय बोलले."

"येवरा मोठा मानूस, त्याला बी माहीत नाय?" आईचे हात थांबले. "मंग तू जा. शिक, नि ये मला सांगाला."

वडील उठून बाहेर गेले. टेम्पोची काच पुसली. मग दारात आले आणि बायकोकडे न बघता मला विचारलं, "काकी, दिल्लीला थंडी लय असते ना? नुसती गोधडी पुरेल, का रजई घ्यावी?"