फ्लॉपीत गेलेली वही

तासगावच्या आमच्या हायस्कुलात संगणक आला तेव्हा मला तिथं विज्ञान शिकवायला लागून अठरा वर्षं झाली होती. एका माजी विद्यार्थ्यानं तो भेट दिला होता. प्रयोगशाळेशेजारची खोली रंगवून घेतली, खिडक्यांना जाड पडदे लावले आणि दाराशी शिपाईमामा बसले.

"बाई, चपला भाईर काढा. धूळ गेली की आजारी पडतंय म्हनं ते," असं ते मलाही बजावायचे.

जूनच्या पहिल्याच बैठकीत हेडमास्तरांनी बेत सांगितला. नववी-दहावीच्या नोट्स आम्ही दर वर्षी स्टेन्सिल कापून सायक्लोस्टाईल करायचो. शाईनं हात बरबटायचे आणि कागदाचे गठ्ठे संपायचे. "आता नोट्स संगणकात. मुलं पडद्यावर वाचतील, कागद वाचेल. प्रत्येकानं आपली वही टाइप करायला द्यायची," ते म्हणाले.

मला पहिल्यापासून यात काहीतरी काळंबेरं वाटत होतं. तेव्हा शाळाशाळांतून शिक्षक अतिरिक्त ठरत होते. आपली वही एकदा यंत्रात गेली, की आपली गरज काय उरली? हे मी कुणाला बोलले नाही. फक्त तीन आठवडे "वही घरी राहिली" म्हणत राहिले. शेवटी हेडमास्तरांनी केबिनमध्ये बोलावून मागितली, तेव्हा दिली.

टाइप करायचं काम संगणकाच्या नव्या बाईंकडं होतं. पंचविशीच्या आतल्या, सांगलीहून रोज एसटीनं येणाऱ्या, तात्पुरत्या नेमणुकीवरच्या. बोलायला नीट होत्या, पण माझा तेवढ्यानं विश्वास बसेना. ऑफ तास असला की आकृत्या तपासायच्या निमित्तानं मी त्यांच्या शेजारी जाऊन बसायची. त्यांना ते कळत असावं.

"बसा बाई, बरंच झालं. तुमचं अक्षर कुठं कुठं लागत नाही," त्या म्हणायच्या आणि जोडाक्षरं शोधत एकेक बटण दाबायच्या.

एकदा शाळा सुटताना त्यांनी माझ्या नोट्स साठवलेली फ्लॉपी पर्समध्ये टाकलेली मी पाहिली.

"ही घरी का नेता?"

"इथं लाईट सारखी जाते बाई. केलेलं पुसलं जातं. आमच्या शेजारी एकांकडं संगणक आहे, तिथं उरलेलं करते."

उत्तर मला जरा जास्तच तयार वाटलं.

दिवाळीच्या सुट्टीत मी सांगलीला बहिणीकडं गेले. तिची मुलगी नववीत होती, खाजगी क्लासला जायची. क्लासचे छापील कागद पसरून ती अभ्यास करत होती. सहज एक उचलला. परासरणाचा धडा होता. सुरुवातीलाच वाक्य होतं: 'द्राक्षाचा बेदाणा होताना पाणी गेलं कुठं, आणि तोच बेदाणा भिजत घातला की फुगतो कशानं?'

हे वाक्य कुठल्याच पुस्तकात नव्हतं. बेदाण्याच्या शेडवरून शाळेत येणाऱ्या पोरांना समजावं म्हणून ते मी जुळवलं होतं. खालची दोन उदाहरणंही माझीच. फ्लॉपी, पर्स, सांगली, शेजाऱ्यांचा संगणक, सगळं एका ओळीत लागलं. उरलेली सुट्टी मी काय बोलायचं तेच मनात घोळवत काढली.

शाळा उघडली त्या दिवशी मधल्या सुट्टीत, स्टाफरूममध्ये सातआठ जण असताना, मी तो कागद संगणकाच्या बाईंच्या पुढ्यात टाकला.

"हे काय आहे?"

त्यांनी वाचलं. "हे तुमचं वाक्य आहे बाई. मीच टाइप केलंय."

"तेच विचारतेय. इथनं ते सांगलीच्या क्लासात कसं गेलं?"

गणिताचे सर हळूच म्हणाले, "तरी मी म्हणत होतो."

बाईंनी कागद शेवटपर्यंत पाहिला आणि अगदी तळाशी बोट ठेवलं. तिथं बारीक अक्षरात वर्ष छापलं होतं. क्लासवाल्यांनी जुनाच गठ्ठा वाटला होता.

"हे गेल्या वर्षीचं आहे. गेल्या वर्षी मी इथं नव्हते. संगणकही नव्हता."

घंटा झाली. त्यांनी कागदाची घडी करून माझ्या हातात दिली आणि तासाला निघून गेल्या. आठवडाभर तो कागद माझ्याजवळ होता आणि मी एकदाही तळाशी पाहिलं नव्हतं.

मग पुढच्या रविवारी भाचीला घेऊन त्या क्लासात गेले. तिथला शिक्षक मला बघताच उठला आणि पाया पडला. माझाच जुना विद्यार्थी. कपाटातून त्यानं आपली नववीची वही काढली. मी वर्गात बोललेला शब्द न् शब्द त्यात उतरवलेला.

"बाई, मी तुमचंच शिकवतोय," तो इतक्या कौतुकानं म्हणाला, की मी चहा घेतला आणि परत आले. महिनोन् महिने मी त्या यंत्रावर डोळा ठेवून होते. वर्गातली पन्नास पोरं रोज माझी वही दप्तरात घालून घरी नेत होती, तिकडं माझं लक्षच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी त्या बाईंबरोबर स्टँडवर गेले. सांगलीची गाडी लागायची होती.

"माझं चुकलं," मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "बोललात चार लोकांत, आणि माफी इथं मागताय?"

ते खरंच होतं. दुसऱ्या सकाळी स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर पुन्हा म्हणाले. कुणी पेपरात तोंड घातलं, कुणी "झालं गेलं" म्हणालं. त्यांनी नुसती मान हलवली.

नोट्स जानेवारीत पुऱ्या झाल्या. एका वेळी सहा मुलं पडद्यासमोर बसायची आणि पडद्यावरचं सगळं पेनानं वहीत उतरवून घ्यायची. वह्या आधीपेक्षा लवकर भरू लागल्या. स्टेन्सिल मात्र बंद झाली, आणि हेडमास्तरांनी स्नेहसंमेलनात तेवढंच सांगितलं.

एप्रिलमध्ये त्या बाईंना दुसरीकडं नोकरी लागली. जाताना त्यांनी माझ्या हातात एक फ्लॉपी ठेवली.

"एक शाळेत दिलीय, ही तुमची. माझ्याकडं काही ठेवलेलं नाही."

शेवटचं वाक्य बोलायची त्यांच्यावर वेळ यायला नको होती. ती मी आणली होती.

पुढच्या जूनमध्ये संगणकाचे नवे सर आले. पहिल्याच दिवशी जुन्या संशयी सवयीनं माझ्या तोंडून गेलं, "राहता कुठं?"

"रहिमतपूरचा आहे. इथं खोली बघतोय अजून," ते म्हणाले.

आमच्या गल्लीत एक रिकामी होती. संध्याकाळी मी त्यांना ती दाखवायला घेऊन गेले.