ट्रेलरच्या नाकाचं वजन

माझा मामा भित्रा आहे, हे आमच्या घरात कधीच गुपित नव्हतं. त्याला सगळे 'सावकाश' म्हणायचे. जेवायला कुणी उशिरा आलं की पहिला प्रश्न ठरलेला, "काय, सावकाशच्या गाडीतून आलास का?" हा प्रश्न विचारण्यात मी सगळ्यांच्या पुढे. माझी बेकरी आहे आणि स्वभाव तापट आहे. पीठ फुगायला लागतो तेवढाच वेळ मी कुणासाठी थांबते, आणि तोही कुरकुरत.

मामाचं काम एकच. डिझेल पिकअपच्या मागे ट्रेलर जोडायचा आणि अवजड सामान डोंगरापलीकडे पोचवायचं. जनरेटर, लेथ मशीन, एकदा दवाखान्याचं एक्स-रे यंत्र. तीस वर्षांत त्याच्या ट्रेलरला ओरखडा आला नाही. पण न झालेल्या अपघाताबद्दल कौतुक कोण करणार? आम्ही फक्त त्याला लागणारा वेळ मोजला.

वेळ मात्र तो भरपूर घ्यायचा. निघण्याआधी ट्रेलरभोवती तीन फेऱ्या मारायचा. साखळ्या ओढून बघायचा, चाकांचे नट एकेक चाचपायचा. आणि सगळ्यात शेवटी न्हाणीघरातला वजनकाटा बाहेर यायचा. तो मामीचा काटा. "माझं वजन वाढलं की कमी झालं, याची यांना फिकीर नाही, ट्रेलरचं मात्र ग्रॅमपर्यंत माहीत," असं मामी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. ट्रेलरचं पुढचं टोक, म्हणजे जे पिकअपच्या हुकात बसतं, त्याला मामा नाक म्हणायचा. एका जाड फळीचं एक टोक काट्यावर, दुसरं विटेवर, आणि नाक त्या फळीवर विटेपासून तिसऱ्या हिश्श्यावर टेकवायचं. काट्यावर एक तृतीयांशच भार येतो, म्हणून दिसेल त्या आकड्याची तिप्पट धरायची. "नाक जड हवं. नाक हलकं आणि शेपूट जड झालं की ट्रेलर आपल्या मनाने चालायला लागतो," असं तो मला लहानपणापासून सांगत आला होता. मी ते कधी नीट ऐकलं नाही.

मग माझी नवी बेकरी डोंगरापलीकडे सुरू व्हायची वेळ आली. जुनी जागा रिकामी केली होती. लोखंडी ओव्हन आणि भट्टीच्या अडीचशे विटा न्यायच्या होत्या. गवंडी दुपारी दोनला येऊन थांबणार होता आणि दुसऱ्या दिवसापासून महिनाभर दुसऱ्या कामाला जाणार होता. तो चुकला तर महिनाभर भट्टी नाही.

ओव्हन ट्रेलरच्या मधोमध चढवला. मामा म्हणाला, "विटा पुढे लावू या."

"मग गवंडी काय ओव्हन डोक्यावर घेऊन पलीकडच्या विटा काढेल? त्याला आधी विटाच लागणार. मागे लाव, दार उघडलं की हाताशी."

"शेपूट जड होईल, पोरी."

"अडीचशे विटांनी? मामा, तू मशीनं ओढलीयस मशीनं."

तो वाकून विटा उचलू लागला. विटा मागे लागल्या. मग तो फळी आणि काटा घेऊन आला. सव्वादहा वाजले होते. माझ्या डोक्यात सणक गेली. मी म्हणाले, "आज तरी तो काटा राहू दे. लोक तुला सावकाश म्हणतात ते उगाच नाही."

मामाने माझ्याकडे पाहिलं. काटा उचलला, सीटच्या मागे सरकवला आणि गाडीत जाऊन बसला. मला वाटलं, चला, एकदाची अक्कल आली. तीस वर्षांत तो पहिल्यांदाच वजन न करता निघाला होता.

चढ विनातक्रार गेला. इंजिन घोंगावत होतं, काच थरथरत होती. अर्ध्या वाटेवर मामा म्हणाला, "गाडीची पाठ हलकी लागतेय."

"बरंय की, चढायला सोपं."

माथ्यावर तो उतरला, प्रत्येक चाकाजवळ तळवा धरून उष्णता पाहिली आणि परत आला. उतार सुरू झाला की गाडीत बोलायचं नाही, हा त्याचा नियम. मी फोनवर गवंड्याला 'पोचतोच' असं लिहीत होते.

तिसरं वळण सरलं आणि समोरून एक मालट्रक घाट चढत आला. तो आमच्या शेजारून गेला तेव्हा वाऱ्याचा एक धक्का बसला. एवढंच झालं. पण मागून कुणीतरी पिकअपची कंबर धरून हलवावी तसं वाटलं. मी आरशात पाहिलं. आरशात ट्रेलरची डावी बाजू दिसत होती. ती दिसायला नको होती. मग ती गेली आणि मामाच्या बाजूच्या आरशात उजवी आली. मग पुन्हा डावी, आधीपेक्षा मोठी.

मी घाबरले. एरवी मी घाबरले की भांडते. तेव्हा मी दोन्ही हातांनी सीट धरली. माझ्या खिडकीखाली रस्त्याच्या कडेचे पांढरे दगड होते आणि दगडांच्या पुढे काहीच नव्हतं. माझा उजवा पाय आपोआप खाली दाबला जात होता, जणू ब्रेक माझ्याच पायाशी होता. मला ओरडायचं होतं, मामा, ब्रेक दाब.

मामाने ब्रेक दाबला नाही. त्याने स्टिअरिंग दोन्ही हातांनी सरळ धरलं, ट्रेलरच्या हेलकाव्यांमागे फिरवलं नाही. मग डावा हात खाली नेला. तिथे एक छोटी दांडी होती, फक्त ट्रेलरचे ब्रेक लावणारी. ती तो अंगठ्याने हळूहळू सरकवू लागला. किती हळू, ते मी सांगू शकत नाही. मला वाटलं आपण मरणार आणि हा माणूस तेही सावकाशच करणार.

ट्रेलर एकदा जोरात मागे ओढला गेला, मग सरळ झाला. पुढच्या वळणावर पुन्हा हलला, पुन्हा दांडी. जळका वास गाडीत भरला. दीडेक किलोमीटरवर खडीची मोकळी, सपाट जागा आली. मामाने गाडी तिथे घेतली आणि इंजिन बंद केलं.

 त्याचे हात स्टिअरिंगवरच होते. मी त्याचं एकेक बोट सोडवलं. बोटं गार पडली होती.

"तुला कळलं होतं ना?" मी विचारलं. "चढावरच कळलं होतं. मग थांबलास का नाहीस?"

तो काचेतून बाहेर बघत होता. "मी सगळ्याला भितो. उताराला भितो, पावसाला भितो, नटाला भितो. त्याचं मला काही वाटत नाही, त्या भीतीनेच मी आजवर घरी पोचलो." मग त्याने तोंडावरून हात फिरवला. "आज मी तुला भ्यायलो, पोरी. तू चिडशील म्हणून. बाकीची भीती तिथेच सोडून आलो."

मला रडू आलं. मी ते लपवलं नाही.

चाकांखाली ठोकळे लावून आम्ही विटा हलवल्या. अडीचशे विटा, मागून पुढे, दोन-दोन करून. मामा खाली बसत होता, उठत होता, कंबर धरत होता, तरी मला एकटीला करू देईना. फोन वाजत होता. गवंड्याची आठवण झाली तेव्हा तीन वाजून गेले होते.

मग मामाने पिकअप सोडवून पुढे घेतली. सीटच्या मागून काटा मीच काढला. फळी मीच टेकवली आणि खडीत गुडघे टेकून वाकले. मामाने जॅकवरून नाक हळूहळू खाली घेतलं.

"किती?"

"पंच्याऐंशी. तिप्पट अडीचशेच्या वर. नाक जड झालं."

"पुन्हा बघ."

"पंच्याऐंशी, मामा."

"अजून एकदा."

मी अजून एकदा वाचलं. मग त्याने न सांगता चौथ्यांदाही वाचलं.