दुपारच्या डुलकीनंतर हरवणारे पत्ते

काओश्युंग बंदराजवळ जहाजावरच्या मालाची कागदपत्रं करणारं एक ऑफिस होतं. तिथलं नेटवर्क सांभाळायची मेइ-च्वान. पन्नाशीची, एकटीची बाई. आठवडाभर तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं. रोज दुपारी डबे झाले की दिवे मालवून सगळे टेबलावर डोकं टेकत, कॉम्प्युटरही झोपवत. उठून बघावं तर निम्मे कॉम्प्युटर ठप्प!

"पाकीट बदललंस का?" मालकीणबाईंनी विचारलं. यंत्रावर खाऊचं हिरवं पाकीट ठेवलं की यंत्र गुणानं वागतं, हे तिथं शेंबड्या पोरालाही ठाऊक.

"नवंकोरं आणलंय, मालकीणबाई. हिरवंच."

"मग तूच शिळी झालीस! आज पुन्हा बंद पडलं तर उद्यापासून बाहेरची कंपनी बघेल. तू घरी बसून विणकाम कर."

या वयात दुसरीकडे कोण घेणार होतं तिला? त्या दुपारी ती झोपलीच नाही.

नेटवर्कवर प्रत्येक कॉम्प्युटरला आपला एक पत्ता लागतो. तो वाटणारं यंत्र ऑफिसात एकच, आणि झोपेतून उठलेला कॉम्प्युटर त्याच्याकडे पत्ता मागतो. मेइ-च्वाननं अंधारात स्वतःच मागून पाहिला. आला, पण भलतीकडूनच! तोही दुसऱ्या कुणाचा, आधीच दिलेला. म्हणजे पत्ते वाटणारं आणखी कुणीतरी ऑफिसात होतं. मग ती एकेक वायर काढून बघत सुटली. शेवटच्या टेबलाची वायर काढली आणि तो आगाऊ वाटप्या गप्प झाला.

"अगं ए! माझं का बंद केलंस? हिशेब चाललेत!"

ऑफिसात तिच्याशिवाय जागं माणूस एकच, मालकीणबाई. पडद्यावर त्यांचा जुना हिशेबाचा प्रोग्राम.

मेइ-च्वानला एकदम आठवलं. बाईंच्या नव्या कॉम्प्युटरवर तो प्रोग्राम चालेना, म्हणून नववर्षाच्या सुमारास तिनंच त्याच्या पोटात दुसरा, नुसता सॉफ्टवेअरचा कॉम्प्युटर बसवला होता. त्याची पत्ते वाटायची खोड बंद करायची राहून गेली होती. करभरणीचा महिना लागला तसं बाई रोज सामसूम बघून तो उघडू लागल्या होत्या.

दिवे लागले. गालांवर बाह्यांचे वळ घेऊन सगळे बघू लागले.

"मालकीणबाई," ती म्हणाली, "घोळ इथूनच होत होता. आणि तो... मीच बसवलाय."

"म्हणजे आठवडाभर मी तुला झापतेय, आणि चोर माझ्याच टेबलावर?"

"चोराला घरात घेतलं मी."

बाई सगळ्यांकडे बघून खेकसल्या, "तमाशा आहे का इथं? कामाला लागा! आणि मेइ-च्वान, त्याचं ते वाटप आधी बंद कर. घरचा घोळ बाहेरच्या कंपनीला कशाला दाखवायचा?"

ती कामाला लागली, तेवढ्यात बाई आपल्या कॉम्प्युटरकडे बोट दाखवून म्हणाल्या, "आणि ते हिरवं पाकीट इकडे आण. वांड कार्टं इथं बसलंय."