अब्बांच्या फोटोतली गाडी

भोरला आमचा फोटो स्टुडिओ होता. लग्नं, बारशी, शाळेचे ग्रुप फोटो नवरा काढायचा आणि डार्करूम मी सांभाळायचे. लग्न होऊन आले तेव्हा मला कॅमेऱ्यातलं काही कळत नव्हतं. पण ट्रेमधल्या कोऱ्या कागदावर माणसं उमटताना एकदा पाहिली आणि ते काम मी मागूनच घेतलं. नव्वदच्या दशकात रंगीत रोल धुवायला पुण्याला पाठवायचो. काळ्या-पांढऱ्याचं काम मात्र माझ्याच हातचं, आणि त्यातलं निम्मं जुन्या फोटोंच्या कॉप्या करण्याचं.

असाच एक फोटो घेऊन एका हिवाळ्यात शिलाईवाल्या आपा आल्या. त्या गावात ब्लाउज शिवायच्या, माझेही त्याच शिवायच्या. वयानं माझ्यापेक्षा मोठ्या, म्हणून मी त्यांना आपा म्हणायचे. त्यांचे वडील त्या उन्हाळ्यात वारले होते. आयुष्यभर ट्रक चालवलेला माणूस. पेटीच्या तळाशी त्यांचा तरुणपणीचा हा एकच फोटो सापडला होता.

"ताई, अब्बांचा नुसता चेहरा मोठा करून द्या. चार कॉप्या. भावांना द्यायच्यात. गाडी नको, कुनाची तरी भंगार गाडी हाय ती."

गाडी खरंच भंगार दिसत होती. वर टप नाही, दारं नाहीत, चाकांवर मडगार्ड नाहीत. बॉनेटचे बाजूचे पत्रे काढून टाकलेले, त्यामुळे इंजिन उघडं. पुढे एका लोखंडी पट्टीवर दोन दिवे, मागे पत्रा वाकवून केलेली निमुळती शेपटी. बसायला दोघांपुरती जागा. त्यात विशीतले अब्बा स्टिअरिंगवर हात टाकून तोंडभर हसत होते. शेजारी दुसरा एक तरुण चाकावर पाय ठेवून उभा होता. मागे डोंगर. नंबरप्लेट नव्हतीच.

मी फोटोचा फोटो काढून कॉपी निगेटिव्ह केली, चेहरा मोठा केला, आपांना चार प्रिंट दिल्या. त्यांनी बराच वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, "अब्बाच हायेत, पण जरा येगळे वाटतात. तरुणपणी असंल तसा चेहरा."

माझ्या डोक्यातून ती गाडी जाईना. मी आपांना विचारून पूर्ण फोटोची एक मोठी प्रिंट काढली आणि दुकानाच्या काचेत लावली. खाली लिहिलं, 'ही गाडी कोणती, कोणाला माहीत आहे का?'

भोरमध्ये असं विचारायची खोटी. एसटीतून रिटायर झालेले एक ड्रायव्हर म्हणाले, जीप आहे, वरचं सगळं उतरवलंय. शाळेतले क्लार्क म्हणाले, संस्थानच्या वेळची, साहेबलोकांची. शेजारचा सलूनवाला म्हणाला, पिक्चरचं शूटिंग असणार. एका गोष्टीवर मात्र सगळ्यांचं एकमत होतं. फोटोत स्टिअरिंग डावीकडे होतं, म्हणजे गाडी मिलिटरीची, नाहीतर परदेशातून आलेली.

मग एक दिवस शिवऱ्याचे एक गृहस्थ मुलीचे पासपोर्ट फोटो काढायला आले. हायवेलगत त्यांचं पंप आणि ट्रॅक्टर दुरुस्तीचं वर्कशॉप होतं, आणि जुन्या गाड्यांचा नाद होता. त्यांनी काचेतली प्रिंट बाहेर काढायला लावली आणि माझं भिंग मागून घेतलं.

"ही जीप नाही," ते म्हणाले. "पुढच्या दोन चाकांच्या मध्ये हा स्प्रिंगचा पाटा बघा. आडवा एकच. जीपला दोन्ही बाजूंना वेगवेगळे पाटे असतात, लांबीला. असा आडवा पाटा दुसऱ्या महायुद्धाआधीच्या स्वस्त अमेरिकन गाड्यांना असायचा. चेसी, म्हणजे खालचा सांगाडा, तसल्याच गाडीचा आहे."

"मग झालं की. सापडली गाडी," माझा नवरा म्हणाला.

"थांबा. त्या गाडीला चार सिलिंडर. इथं धुराच्या नळ्या मोजा, सहा आहेत. इंजिन ट्रकचं दिसतंय. लढाई संपल्यावर मिलिटरीचे ट्रक लिलावात निघाले होते, त्यातलं असेल. कुणीतरी दोन गाड्यांची एक केलीय. वजन उतरवलंय, इंजिन मोठं घातलंय. हे फक्त पळवायला करतात." त्यांनी भिंग खाली ठेवलं. "एकच गोष्ट बसत नाही. आपल्याकडे विकलेल्या त्या गाड्यांचं स्टिअरिंग उजवीकडे असायचं. हे डावीकडे कसं आलं, ते मला सांगता येणार नाही."

पुढे दोन हजार सालानंतर भोरला सायबर कॅफे आलं, तेव्हा माझ्या मुलानं मला अशा गाड्यांचे फोटो शोधून दाखवले. अमेरिकेतली तरुण पोरंही तसल्याच जुन्या गाड्यांचे मडगार्ड उतरवून, मोठी इंजिनं घालून पळवायची. त्यांना हॉट रॉड म्हणतात. त्या वेळी हा शब्द आमच्यापैकी कोणी ऐकला नव्हता.

शिवऱ्याचे ते गृहस्थ गेल्यावर त्या दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. मी प्रिंट घेऊन बसले. गाडीतलं मला कळत नव्हतं, म्हणून माणसांकडे पाहिलं. अब्बांच्या बुशशर्टाचा खिसा उजव्या बाजूला होता. शेजारच्या तरुणाचाही उजव्याच बाजूला. दोघांच्या शर्टांना उलट्या बाजूला खिसा कोण शिंपी लावेल? मी उठून डार्करूममध्ये गेले. प्रिंट काढताना निगेटिव्ह उलटी बसली की सगळं आरशातल्यासारखं येतं. आपांच्या घरातला मूळ फोटोच ज्यानं छापला त्यानं उलटा छापला होता.

मी माझी निगेटिव्ह पालथी घालून नवी प्रिंट काढली. स्टिअरिंग उजवीकडे आलं, खिसे डावीकडे आले. आणि मागच्या डोंगराकडे लक्ष गेलं तेव्हा मी लाल दिव्यात उभी असतानाच मोठ्यानं हसले. माझं माहेर वेल्ह्याचं. तो तोरणा होता. लहानपणी अंगणातून रोज दिसणारा, झुंजार माची जिथे असायला हवी तिथेच. इतके दिवस तो माझ्या दुकानाच्या काचेत होता आणि मी त्याला ओळखलं नव्हतं.

आपांना बोलावून नवी प्रिंट दाखवली. त्यांनी गाडीकडे, डोंगराकडे पाहिलंच नाही. "हे अब्बा," त्या म्हणाल्या. "तीळ ह्याच गालावर व्हता. आता बरोबर हायेत." मग त्यांनी डोळे पुसले आणि विचारलं, "पण अब्बा वेल्ह्यात काय करत व्हते?"

पुढच्या रविवारी आम्ही दोघी नसरापूरला एसटी बदलून वेल्ह्याला गेलो. स्टँडजवळच्या किराणा दुकानात एक आजोबा बसलेले असायचे. मी त्यांना लहानपणापासून ओळखत होते. त्यांच्या हातात फोटो दिला.

"आगं, ही तर नागडी गाडी!" ते म्हणाले. "लोकं तिला तेच म्हणायचे, अंगावर कायच न्हाई म्हणून. आन् हा उभा हाय तो हितलाच. विहारामागं घर हाय त्याचं. जा की, जिता हाय अजून."

विहारामागच्या घराच्या अंगणात फोटोतले ते दुसरे गृहस्थ, आता म्हातारबा झालेले, खाटेवर भाताचं बियाणं निवडत बसले होते. उंच, वाळलेले, कानांनी थोडे कमी. आपांनी आपण कोणाची मुलगी ते सांगितलं. त्यांनी सूप खाली ठेवलं.

"माजा मित्र कसा हाय?" त्यांनी विचारलं.

आपांनी अब्बा गेल्याचं सांगितलं. म्हातारबांनी सुनेला चहा टाकायला सांगितला आणि चहा येईपर्यंत फोटो गुडघ्यावर धरून बसले. मग स्वतःहून बोलायला लागले.

दोघं भाटघरला एका ठेकेदाराच्या गॅरेजात कामाला होते. अब्बा इंजिनाचं बघायचे, हे पत्र्याचं. आवारात एक जुनी अमेरिकन गाडी पडली होती, वरचं अंग कुजलेलं. आणि एका ट्रकचं इंजिन. दोन्ही तुम्हाला काय करायचं ते करा, असं ठेकेदारानं हसण्यावारी सांगितलं होतं. काम सुटल्यावर दोघं रोज तिच्यामागे लागायचे. शेपटीचा पत्रा पाण्याच्या टाकीचा होता.

"म्या म्हनलं, निदान मडगार्ड तरी ठेवू. चिखल उडतुया. तर हा म्हने, चिखल पुसता येतो, वजन न्हाई."

गाडी पहिल्यांदा लांब न्यायची ठरली तेव्हा ते ती वेल्ह्याला घेऊन आले, ह्यांच्या आईला दाखवायला. किल्ला बघायला आलेल्या कुणा पाहुण्यानं तेव्हा फोटो काढला आणि पुढे पोस्टानं पाठवून दिला.

"किती पळायची?" मी विचारलं.

"काटा कुठं व्हता तिला? डोळ्यातनं पाणी यायचं, एवढं ठावं हाय."

त्याच वर्षी ठेकेदारानं नवी जीप घेतली. नसरापूरपासून वेल्ह्यापर्यंत लावा बघू शर्यत, असं त्यानं पाहुण्यांसमोर गंमतीत म्हटलं. ह्या दोघांनी ते खरं मानलं. जीप वेल्ह्यात पोचली तेव्हा हे दोघं हातपाय धुऊन झाडाखाली बसले होते. पाहुणे ठेकेदारालाच हसले. दुसऱ्या दिवशी दोघांचं काम गेलं, गाडी आवारातच राहिली. अब्बांचं लग्न ठरलं होतं. मुलीच्या बापानं ते मोडायला घेतलं. नोकरी नाही, आणि हा असा जीव धोक्यात घालणारा. शेवटी अब्बांनी शब्द दिला, की पुन्हा कधी जोरात चालवणार नाही. ट्रकवर लागले आणि शब्द पाळला.

आपा ऐकत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर मला राग दिसला.

"रस्त्यानं बैलगाडी पुढं गेली तरी हॉर्न वाजवायचे न्हाईत," त्या म्हणाल्या. "बाकीचे ड्रायव्हर चिडवायचे. भाऊ हसायचे. आमी समदे म्हनायचो, अब्बा भित्रे हायेत. मला लुना शिकायची व्हती तर शिकू दिली न्हाई. मी सहा महिने धड बोलले न्हाई त्यांच्याशी. एकदा हे सांगायला काय झालं व्हतं?"

"पोरी, गाडीचं नाव काढलं की हात शिवशिवायचे त्याचे," म्हातारबा म्हणाले. "म्हनून नावच काढायचं न्हाई, असं ठरवलं व्हतं त्यानं. माज्याकडं बी येईना झाला. म्या वळखलं. म्या बी गेलो न्हाई."

मी विचारलं, गाडीचं पुढे काय झालं? चेसी कुठे गेली ते त्यांना माहीत नव्हतं. इंजिन मात्र कामथडीच्या एका गुऱ्हाळवाल्यानं उसाच्या चरकाला लावलं, असं त्यांच्या कानावर होतं. "चला, बघू," असं म्हणून त्यांनी भिंतीवरची टोपी घेतली. सुनेनं नको नको म्हटलं तरी आमच्याबरोबर एसटीत बसले.

कामथडीचं गुऱ्हाळ हायवेपासून जवळच होतं. हंगाम चालू होता, चुलाणावर रस उकळत होता. चरक आता विजेच्या मोटरीवर होता. मालक पन्नाशीचे होते. आम्ही इंजिनाचं विचारलं तेव्हा त्यांना आधी वाटलं, आम्ही भंगार घ्यायला आलोय.

"ते गेलं की इकून. वडील असताना घासलेटवर चालवायचे. लई वर्सं चाललं. त्याचा आवाज पार रस्त्यापातूर जायचा." त्यांनी शेडच्या कोपऱ्यातला सिमेंटचा ओटा दाखवला. त्यातून गंजलेले बोल्ट वर आलेले होते. म्हातारबा वाकून ते बोल्ट हातानं चाचपत राहिले.

मी मालकांना फोटो दाखवला. त्यांनी तो उन्हात धरला.

"हे भोरचे ड्रायव्हर का? ट्रकवाले? हे तर येत व्हते की हितं. दर हंगामाला. ट्रक रस्त्याला लावायचे, गूळ घ्यायचे आन् इंजिनापाशी उभे ऱ्हायचे. एकदा बंद पडलं तर ह्यांनीच खोललं, सांजपर्यंत बसले. वडलांनी पैसे देऊ केले तर घेतले न्हाईत. आमाला वाटायचं, मानूस गुळाचा शौकीन असंल."

आपा बाजेवर बसल्या. "आमच्या घरात गूळ कोण खात न्हाई," त्या म्हणाल्या. "आई वाटून टाकायची शेजारी. एवढा गूळ कशाला आणता म्हनून भांडायची. ते काय बोलायचे न्हाईत, पुढच्या वर्षी परत आणायचे."

मालकांच्या बायकोनं आम्हाला वाटीत गरम काकवी दिली. म्हातारबांनी दोनदा मागून घेतली. मग वेल्ह्याकडे जायला उशीर होईल म्हणून मालकांनी त्यांना आपल्या मोटरसायकलवर नसरापूरच्या स्टँडवर सोडायची तयारी केली. निघताना म्हातारबा आपांना म्हणाले, "ईदेला बोलव. म्या येतो."

"मीच येते घ्यायला," आपा म्हणाल्या.

आपांनी गुळाची एक ढेप घेतली. आम्ही भोरची एसटी धरली. गर्दी होती, ढेप त्यांनी मांडीवर घेतली आणि कापूरहोळ आलं तेव्हा तिच्या कडेचा एक खडा मोडून तोंडात टाकला.